सोबत कोण?

नागपूर
१२ फेब्रुवारी १९८७

ती. मोठे मामा यांस,
सत्यशीलाचा जय भीम.

तुम्ही गुलाबमामांना आमच्या मानसोपचार विभागात सरांना दाखवून सिंदेवाहीला परतलात, त्या दिवसापासून मनाला चैन नाही. मामा खुर्चीवर बसले. सरांनी विचारलं, "आवाज येतो का?" मामा म्हणाले, "आत्ता नाई." सरांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सगळं मिळून दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांवरून एका माणसाच्या आयुष्याचं काय ठरवायचं?

हेच मी संध्याकाळी सरांना विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मलाही हाच प्रश्न आहे, म्हणून तर मी नवा अभ्यास मांडलाय." हा आजार खुर्चीवर कसा दिसतो ते आम्ही शिकतो. पण माणूस जेवत असतो, बाजारात असतो, झाडाखाली नुसता बसलेला असतो, तेव्हा तो कसा येतो आणि कसा जातो, ते कुणी पाहिलेलं नाही. त्यासाठी कार्डं छापली आहेत. दिवसातून सहा वेळा, चार आठवडे. प्रत्येक कार्डावर हेच प्रश्न: वेळ काय, कुठे होता, काय करत होता, सोबत कोण होतं, आवाज होता का, असल्यास एक ते सातपैकी किती मोठा, आणि काय म्हणाला. सोबत अठ्ठावीस बंद पाकिटं पाठवते आहे. रोज सकाळी एक फोडायचं, त्यात त्या दिवसाच्या सहा वेळा लिहिल्या आहेत, चिठ्ठ्या टाकून काढलेल्या.

मोठे मामा, तुम्हाला माहीत आहेच, तरी लिहिते. गुलाबमामांची बिनपगारी रजा ३१ मे रोजी संपते. त्याआधी कामावर योग्य असल्याचा दाखला गेला नाही, तर अहेरीच्या लाकूड डेपोतली नोकरी जाईल. कांतामामी तिकडे त्यांची वाट बघून थकल्या आहेत. तुमचं म्हणणं, त्याने आता कायमचं तुमच्याकडेच राहावं. सर म्हणाले, दाखला द्यायचा की नाही हे या कार्डांवरून ठरवू.

तुमची,
सत्यशीला


सिंदेवाही
२० फेब्रुवारी १९८७

चि. सत्यशीला हिस,
मामा-मामीचा जय भीम आणि भरपूर आशीर्वाद.

कार्डं मिळाली. मोजली. अठ्ठावीस दिवसांची सहाप्रमाणे एकशे अडुसष्ट हवीत, एकशे एकोणसत्तर निघाली. एक परत पाठवतो आहे.

तुझ्या सरांना माझ्यातर्फे सांग, कल्पना चांगली आहे. मी सातवी पास माणूस, पण भात संशोधन केंद्रावर एकवीस वर्षं हवामानाच्या नोंदी मीच घेतो. इंग्रजी नियमपुस्तक मी शब्दकोश उशाशी घेऊन एकट्याने वाचलं. त्यात लिहिलं आहे की सकाळची नोंद गावाच्या स्वतःच्या वेळेनुसार सातला घ्यावी. आपलं गाव रेडिओच्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं मागे चालतं. म्हणून मी रेडिओच्या घड्याळात सात अकरा झाले की तापमापकांची पेटी उघडतो. इथे आलेल्या साहेबलोकांपैकी दोघांनाच हे ठाऊक होतं. बाकीच्यांना मी शिकवलं.

आता दोन हरकती. एक, वेळा अशा विस्कटलेल्या कशासाठी? नोंद ठरल्या वेळी झाली तरच आजची उद्याशी ताडता येते. दोन, कार्ड रोग्याने स्वतः भरावं असं तू वर छापलं आहेस. गुलाबचं अक्षर मला माहीत आहे. डेपोत त्याने लिहिलेला सात मला कित्येकदा एक वाटला आहे. शिवाय ज्याची परीक्षा, त्यानेच पेपर तपासायचा काय? मी विचारीन, तो सांगेल, मी लिहीन.

तुझी कमलामामी ऐकून म्हणाली, "तुमच्या पावसाले तरी कधी विचारता का, येऊन राह्यलास का म्हणून?" तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

हरिदास उंदीरवाडे


नागपूर
२६ फेब्रुवारी १९८७

ती. मोठे मामा,
जय भीम.

वेळा विस्कटलेल्याच हव्यात. आवाजाला वेळ आधी कळता कामा नये, आणि मामांनाही. यात तडजोड नाही.

लिहिण्याचं मात्र तुमच्यावर सोडते. सर नको म्हणत होते. मी म्हटलं, आमच्या मोठ्या मामांच्या नोंदीत आजवर कुणाला खोट सापडलेली नाही.

१ मार्चला सुरू करा. गोळ्या चुकवू नका.

सत्यशीला


सिंदेवाही
२९ मार्च १९८७

चि. सत्यशीला,
जय भीम.

एकशे अडुसष्ट कार्डं रजिस्टर टपालाने निघाली. एकही वेळ चुकली नाही. आकाशवाणीच्या ठोक्यांवर मी रोज घड्याळ लावत होतो. दोनदा जेवणातून उठलो, एकदा केंद्रप्रमुखांचं बोलणं अर्ध्यावर सोडून आलो.

वाचण्याआधी तुला आवाजाचं मूळ माहीत असावं, म्हणून लिहितो. डेपोत तोडीची लाकडं येतात. सुकलू नावाचा गोंड माणूस फीत लावून मोठ्याने ओरडतो, इतकी लांबी, इतकी गोलाई, आणि गुलाब लिहून घेतो. ओंडका आतून खाल्लेला असला की सुकलू शेवटी ओरडतो, "पोकळ!" मग तो वेगळ्या राशीत जातो. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सुकलू घरी गेला, डेपो बंद झाला, आणि ओरडणं चालूच राहिलं. फक्त आता माप लाकडाचं नव्हतं.

नमुन्यादाखल तीन कार्डं इथे उतरवतो.

४ मार्च, दुपारी ३ वाजून ४० मिनिटं. तलावाची पाळ. पाण्याकडे पाहत. सोबत: कोणी नाही. आवाज: आहे, पाच. "लांबी एक मीटर बासष्ट. गोलाई चौऱ्याऐंशी. आत पोकळ."

११ मार्च, सकाळी ६ वाजून ५ मिनिटं. केंद्राचा बांध. उभा. सोबत: कोणी नाही. आवाज: आहे, सहा. "याला कोणत्या राशीत टाकू?"

१९ मार्च, सकाळी ९ वाजून १५ मिनिटं. अंगण. कमलासोबत मोहाची फुलं निवडत. आवाज: आहे, चार. "पोकळ, पोकळ."

त्या ११ तारखेची सकाळ सांगतो. बांधांवर धुकं होतं. गुलाब कमरेपर्यंतच दिसत होता, खाली नुसतं पांढरं. पलीकडच्या रानातून मोहाचा वास येत होता, इतका गोड की डोकं जड व्हावं. त्याचे ओठ हलत होते. मी पाच पावलांवर जाऊन थांबलो, घड्याळ पाहिलं, सहा पाच होण्याची वाट पाहिली आणि म्हटलं, "सांग." त्याने माझ्याकडे पाहिलं, जसा कुणी खोल विहिरीतून वर पाहतो. मग सांगितलं. मी लिहिलं. का कोण जाणे, मला लहानपणीचं एक स्वप्न आठवलं, ज्यात मी त्याचा हात धरून पाण्यावरून चालत असे आणि दोघांचे पाय कोरडे राहत. ते कार्डावर लिहायला जागा नाही, म्हणून इथे लिहिलं.

गोषवारा: आवाज १३१ वेळा. सोबत कोणी नाही, १४९ वेळा. कमला ११, इतर ८.

हरिदास उंदीरवाडे


नागपूर
८ एप्रिल १९८७

ती. मोठे मामा,
जय भीम.

कार्डं पाहून सर खुर्चीतून उठले. म्हणाले, इतकी स्वच्छ नोंद आमच्या पदवीधरांकडूनही येत नाही. मी मुद्दाम लिहिते आहे, तुम्हाला आवडेल म्हणून.

आकडे मांडले तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली. गुलाबमामा जवळजवळ सतत एकटे असतात, आणि आवाज एकटेपणातच येतो. १४९ पैकी १२२ वेळा. सोबत कुणी असतं त्या थोड्या वेळा तो त्या मानाने कमी आहे, आणि हळूही. एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या माणसांत ते इतके एकटे का? मला वाचताना रडू आलं.

म्हणून उपाय साधा आहे. त्यांना एकटं सोडू नका. तुम्ही स्वतः त्यांच्याजवळ राहा. पाहू काय होतं ते. आणखी सहा आठवड्यांची कार्डं आणि पाकिटं पाठवते आहे.

कांतामामींचं मला पत्र आलं होतं. दोनच ओळी. "त्यांना बरं वाटेल तेव्हा नका पाठवू. आहेत तसे पाठवा."

सत्यशीला


सिंदेवाही
३० एप्रिल १९८७

चि. सत्यशीला,
जय भीम.

तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. माझी बाज त्याच्या बाजेला लावली. केंद्रावर जाताना त्याला बरोबर नेतो, पेटी उघडताना तो बाजूला उभा असतो. जेवायला समोरासमोर बसतो. वीस दिवसांत मी त्याला डोळ्यांआड होऊ दिलं नाही.

परिणाम उलट आहे. आवाज रोज सहाही वेळा. बहुतेक वेळा सात. पूर्वी माप गुलाबचं निघे, आता त्याच्या हातापायांचंही वेगवेगळं निघतं. जेवण अर्ध्यावर आलं. परवा दुपारी तो सापडेना. शेवटी बियाण्याच्या कोठीत पोत्यांमागे बसलेला मिळाला. मी घड्याळ पाहिलं, वेळ अजून चार मिनिटांवर होती, म्हणून मीही पोत्यावर बसलो. आत तुसाचा उबट वास, वरच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा, त्यात धूळ इतकी सावकाश फिरत होती की जणू पाण्यात आहोत. तो म्हणाला, "भाऊ, चार मिनिटं काई विचारू नका." मी विचारलं नाही. चार मिनिटांनी विचारलं. आवाज: आहे, सात.

माझं मत मी नोंदीच्या आधारावर देतो. हा माणूस कामावर जाण्यास योग्य नाही. अहेरीला पाठवणं म्हणजे त्याला जंगलात सोडणं. दाखला देऊ नये. कांताला मी स्वतः लिहीन. तो माझा भाऊ आहे, मी सांभाळीन.

४ मेपासून आठ दिवस मला चंद्रपूरला जायचं आहे. तहसिलींतून पाऊस मोजणाऱ्या लोकांना शिकवण्यासाठी मला बोलावलं आहे, पदवी नसलेला मी एकटाच. गुलाब म्हणतो, तेवढे दिवस कार्डं मी भरतो. नाइलाज आहे. कमलाला गजराचं घड्याळ समजावून सांगितलं आहे. ती म्हणाली, "गजर मले कळते. तुमचं काई नाई कळत." मी आलो की ती कार्डं तपासून पाठवीन.

हरिदास उंदीरवाडे


सिंदेवाही
११ मे १९८७

चि. सत्यशीला बाई डॉक्टर,
तुया गुलाबमामाचा जय भीम.

भाऊ उद्या येणार हायेत. त्याच्या आधी हे कार्डं पोस्टात टाकून राह्यलो. सात दिवसाचे बेचाळीस. माह्या अक्षराले हसू नको. सात आन् एक वेगळे दिसावे म्हणून सातले आडवी रेघ देल्ली.

वहिनी पाकीट फोडते, गजर लावते आन् घड्याळ तांदळाच्या डब्यात लपवते, म्हणजे मले वेळ समजू नये. परवा शेजारची गुणाबाई तांदूळ उसने घ्याले आली. डब्यात हात घातला आन् गजर वाजला. बाई फाटकापर्यंत पळाली. वहिनी म्हणे, "घाबरू नको बाई, आमचे तांदूळ सरकारी हायेत, वेळ सांगतात." मी दोन वर्षांत एवढा हासलो नव्हतो.

आता खरं सांगतो. बेचाळीसपैकी सात वेळाच तो आला. लपवून नाई राह्यलो. मले माहीत हाये, भाऊ म्हणतीन मी घरी जाव्यासाठी खोटं लिहिलं. म्हणून आला तेव्हा कसा आला, ते लिहितो.

८ तारखेले पहाटच्या उजेडात मी तलावावर गेलो. एकटाच. पाणी निजलेलं होतं. तो बोलून राह्यला होता, पण पल्याडच्या पाळीवरून, दुसऱ्याच्या घरी रेडिओ लागावा तसा. तो झाडं मोजत होता. ऐन. बीजा. धावडा. पण झाडं उभी होती ना! उभ्या झाडाले फीत कोन लावीन? तर तो नुसते नावं घेऊन राह्यला होता. मीबी त्याच्यासंगं नावं घेतले. मग सूर्य आला आन् तो कुठी गेला, मले समजलं नाई. कार्डावर दोन लिहिले.

एक गोष्ट तुले विचाराची हाये. "सोबत कोण" या रकान्यात काय लिहाचं असते? मी तर वहिनी असली की वहिनी लिहितो, कोणी नसलं की कोणी नाई. भाऊ वही घेऊन समोर उभे असतात तवा ते "कोणी नाही" लिहितात. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तुम्ही हायेत ना?" तर म्हणे, "कागदावर पाऊस असतो. पाऊस मोजणारा नसतो." मले वाटलं, तसाच नियम असन.

भाऊ वही घेऊन आले की तो पल्याडचा माणूस चालत चालत अल्याड येते. भाऊच्या मागं उभा राह्यते. भाऊ घड्याळ पाहतात, तो फीत काढते. दोघं एकदमच सुरू करतात. मग मले कोणाले उत्तर द्याचं, ते समजत नाई.

तक्रार करून नाई राह्यलो. भाऊ जीव लावतात. मी टायफाइडनं आजारी होतो तवा माह्या अंगाचा ताप दिवसातून बारा वेळा त्यांनीच पाह्यला. त्यांच्याशिवाय मी जगलो नसतो. पण बाई, आता मले कांताकडे जाचं हाये.

तुया,
गुलाबमामा


सिंदेवाही
१३ मे १९८७

चि. सत्यशीला,

गुलाबने मला न दाखवता कार्डं पाठवली आहेत असं कळलं. ती रद्द धर. १६८ पैकी १३१ वरून एकदम ४२ पैकी सात? एकवीस वर्षांत मी असा एक आकडा पाहिलेला नाही. मूल गावाच्या बाजूला एक जण होता, घरी बसून पाऊस लिहायचा. त्याचे आकडे असेच सुंदर असत. पुढे काय झालं ते केंद्रावर सर्वांना माहीत आहे.

गुलाब खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्याला घरी जायचं आहे, एवढंच म्हणतो.

हरिदास उंदीरवाडे


नागपूर
१७ मे १९८७

ती. मोठे मामा,
जय भीम.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

तुमच्या नोंदीत खोट नाही. खोट असलीच तर ती माझ्या वाचण्यात होती. "सोबत: कोणी नाही" हे मी १४९ वेळा वाचलं आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की मग ते लिहिलं कुणी? अक्षर तुमचं. वेळ तुमच्या घड्याळाची. मामांचं बोलणं तुम्ही कानांनी ऐकलेलं. मग तुम्ही कुठे होता?

पावसाला आपण पाहतो आहोत की नाही, यानं फरक पडत नाही. तुम्ही पेटी उघडा किंवा उघडू नका, तो तेवढाच पडेल. गुलाबमामा पाऊस नाहीत. त्यांना मोजणारा माणूस दिसतो. आणि ज्यांच्या डोक्यातला आवाजच मोजणाऱ्याचा आहे, त्यांच्यासमोर दिवसातून सहा वेळा वही घेऊन उभं राहायला आम्ही तुम्हाला सांगितलं. त्यावर कडी म्हणजे मी लिहिलं, त्यांना सोडू नका, जवळच राहा. दोष तुमच्याआधी माझा आहे.

तुमचं प्रेम कमी होतं असं चुकूनही समजू नका. पण कार्डं तुमच्याजवळ नकलून ठेवलेली असतील, मला माहीत आहे. एकदा ती पुन्हा पाहा. फक्त तो एक रकाना. मग तुम्ही जे म्हणाल, ते मी सरांपुढे ठेवीन. दाखल्याबद्दल मी आता काहीही म्हणत नाही.

तुमची,
सत्यशीला


सिंदेवाही
२४ मे १९८७

चि. सत्यशीला,
जय भीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून ट्रंकेत ठेवून दिलं आणि कमलाला म्हटलं, कालची पोर मला नोंद शिकवते. कमला भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकवत नसन. विचारून राह्यली असन."

दोन दिवस नकला काढल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काढल्या. पिंपळाखाली बसलो. पहिलं कार्ड घेतलं आणि डोळे मिटले. त्या क्षणी मी कुठे होतो? तलावाच्या पाळीवर, त्याच्या उजव्या हाताला, तीन पावलांवर. दुसरं घेतलं. बांधावर, पाच पावलांवर. मग एकामागून एक अशा सगळ्या जागा डोळ्यांपुढे येत गेल्या, आणि प्रत्येक जागी मला गुलाब आधी दिसायचा, मग सावकाश, धुक्यातून यावा तसा, त्याच्यासमोर उभा असलेला एक माणूस दिसायचा. हातात वही. नजर घड्याळावर. मी त्या माणसाचा चेहरा नीट पाहिला. मला तो आवडला नाही.

लाल शाई घेतली. एकवीस वर्षांत मी केलेली नोंद खोडलेली नाही, म्हणून खोडलं नाही, शेजारी लिहिलं. सोबत: हरिदास. एकशे अडुसष्टपैकी एकशे अडुसष्ट वेळा. नंतरच्या वीस दिवसांची सगळीच. हात दुखला, पण प्रत्येक कार्डावर वेगळं लिहिलं, "वरीलप्रमाणे"च्या खुणा मारल्या नाहीत.

मी नव्हतो अशी फक्त बेचाळीस कार्डं आहेत. त्यांत आवाज सात.

दुरुस्त कार्डं सोबत आहेत. मत बदलतो. गुलाबची बेचाळीस कार्डं ग्राह्य धरावीत. अक्षर वाईट आहे, पण नोंद पूर्ण आहे. दाखला द्यावा.

एक विचारू? तू लिहिलंस, प्रेम कमी नव्हतं. ते मोजायला तुमच्याकडे काही आहे का? नसावंच. बरं आहे.

हरिदास


नागपूर
२७ मे १९८७

ती. मोठे मामा,
जय भीम.

दाखला आज डेपोच्या कार्यालयाला रवाना झाला, एक प्रत गुलाबमामांना. सही सरांची आहे. अटी तीन. गोळ्या रोज. दर दोन महिन्यांनी नागपूर. आणि पहिले सहा महिने कार्डं मामा स्वतः भरतील, आठवड्यातून एकदाच.

तुमची लाल शाई सरांनी विद्यार्थ्यांना दाखवली. नाव झाकून. काय म्हणाले ते भेटीत सांगेन, पत्रात लिहिलं तर तुम्ही फुगाल.

सत्यशीला


सिंदेवाही
११ ऑक्टोबर १९८७

चि. गुलाब यास,
भाऊ-वहिनीचा जय भीम. कांताला आशीर्वाद.

साडेचार महिने तुला पत्र लिहिलं नाही. रागावलो असेन असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. पत्र लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत प्रश्न यायचा. गोळी घेतोस का? झोप किती? तो येतो का? मग कागद फाडायचो. तू अहेरीला निघालास त्या दिवशी तुझ्यामागून एस.टी.त मी पाय ठेवला तेव्हा तू म्हणालास, "भाऊ, इथपर्यंतच." मी खाली उतरलो. गाडी गेली, धूळ खाली बसली, आणि मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो. किती ते सांगता येणार नाही, पाहिलं नाही.

आज लिहितो आहे ते वेगळ्या कारणाने. हे मी कमलालाही सांगितलेलं नाही. सत्यशीलाला तर मुळीच नाही, ती कार्डं पाठवील.

परवा सकाळी केंद्राच्या बांधावरून चाललो होतो. भात निसवला आहे, लोंब्यांवर दव होतं. धुकं इतकं दाट की माझा हात मला दुसऱ्याचा वाटावा. हवा स्थिर. आवाज म्हणून कसलाच नव्हता, पक्ष्याचाही नाही. आणि मागून आईने हाक मारली. "हरी." स्पष्ट. उजव्या बाजूने, दहा-बारा पावलांवरून. आईला जाऊन चौदा वर्षं झाली, तुला माहीत आहे. पण तो तिचाच गळा, तो थोडा बसलेला, तंबाखू खाल्ल्यावरचा. मी "ओ" म्हणालो. मोठ्याने, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, भर शेतात. मग ती आणखी थोडं बोलली आणि थांबली.

मी मागे वळलो नाही. भीती नव्हती वाटत. वाटलं, वळलो तर ती निघून जाईल. धुकं उतरेपर्यंत तसाच उभा राहिलो. सकाळची नोंद त्या दिवशी झाली नाही.

मला ताप नव्हता. झोप नीट झाली होती. मी पुस्तकं काढून पाहिली, बरंच काही लिहिलं आहे, पण मला हवं ते नाही. म्हणून तुला विचारतो. आपल्या घरात हे तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. असं झालं तर माणसाने काय करावं?

तुझा,
भाऊ


अहेरी
१९ ऑक्टोबर १९८७

ती. भाऊस,
गुलाबचा आन् कांताचा जय भीम. वहिनीले सांगा, गजराचं घड्याळ इथीबी तांदळातच ठेवतो.

भाऊ, काई नाई कराचं. ओ देल्ली ते चांगलं केलं. मी सुरुवातीले ओ नाई देल्ली, कानात बोटं घातले, तवा तो जास्तच जवळ आला. आता आला तर येऊ देतो. सुकलू डेपोत खरं माप ओरडते, तवा तो दुसरा ऐकत बसते. कधी कधी मले वाटते, त्यालेबी काम पाहिजे असन. काही दिवस जड जातात. त्या दिवशी कांताले सांगतो, ती म्हणते, "मंग आज भाजी तुम्ही निवडा." आन् मी निवडतो.

डॉक्टरबाईले सांगाचं की नाई, ते तुमचं तुम्ही पाहा. एकदा झालं तर घाबराचं काम नाई. रोज झालं तर सांगा. मी संगं येईन नागपूरले.

एक विचारतो. हवा लिहिली तुम्ही, धुकं लिहिलं, कोणत्या बाजूनं, किती पावलांवरून, सारं लिहिलं. पन आई आणखी थोडं बोलली म्हणता, ते काय बोलली, ते नाई लिहिलं. भाऊ, माह्या डोक्यात दोन वर्षं दिवसभर बोलणं चालू होतं. आई त्यात एकदाबी नाई आली. मी वाट पाह्यली.

काय म्हणाली ती?

तुमचा,
गुलाब